सरांचं घर आणि सरांचं मैदान

सर साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. पाळी संपली की लुनावरून थेट मैदानावर यायचे. फलटणमध्ये आम्हा पोरींना त्यांनी वर्षानुवर्षं खो-खो शिकवला आणि कधी कुणाकडून एक रुपया घेतला नाही. ते गेल्यावर शोकसभेत बहुतेक जण पदकांबद्दल बोलले. मला त्यांच्याकडून जे मिळालं ते थोडं वेगळं आहे, म्हणून लिहायला बसले.

१. खेळ पोटापासून सुरू होतो. सराव सुरू करायच्या आधी सर एकच विचारायचे, "दुपारी काय खाल्लंस?" जी पोरगी उत्तर देताना घुटमळायची, तिला त्या दिवशी पळायला कमी. लुनाच्या हुकाला पिशवी लटकलेली असायची, तिच्यात सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी दिलेला डबा. उकडलेले हरभरे, वर बारीक चिरलेला कांदा, कधी गूळ-शेंगदाणे. डबा सगळ्यांसाठी म्हणून उघडायचा, त्यामुळे खरी गरज कुणाला आहे हे एकमेकींना कधी कळलं नाही. ही काळजी सरांनी किती विचार करून घेतली होती, ते मला स्वतःची मुलं शाळेत जायला लागल्यावर उमगलं.

आमच्या तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाज म्हणून टोकिओ ऑलिम्पिकला गेला, तेव्हा सगळ्या देशाने त्याची गोष्ट वाचली. आईवडील मजुरी करणारे, पोरगा अंगाने किरकोळ. जिल्हा परिषद शाळेतल्या विकास भुजबळ गुरुजींनी त्याला आधी पळायला लावलं, ८०० मीटर. पळताना त्याला ताकद पुरत नव्हती, तर गुरुजींनी त्याच्या खाण्याकडे लक्ष दिलं. पुढे क्रीडा प्रबोधिनी, मग हातात धनुष्य आलं आणि २०१९ मध्ये नेदरलँड्सला जागतिक स्पर्धेत अतनू दास, तरुणदीप राय यांच्यासोबत सांघिक रौप्य. लोकांना त्यात धनुष्यबाण दिसला. मला पहिल्यांदा दिसलं ते खाणं, कारण ती बाजू मी आमच्या मैदानावर जवळून पाहिली होती.

२. मुलगी मैदानावर येते ती एकटी येत नाही, तिच्यामागे अख्खं घर असतं. मी सातवीत असताना सर आमच्याकडे आले ते काकूंना घेऊनच. वडिलांशी ते चार शब्द बोलले असतील. बाकी सगळा वेळ दोघं आजीपाशी बसले. आजीचे प्रश्न सरळ होते. अंधार पडल्यावर पोरीला घरी कोण सोडणार? चड्डी घालून खेळायचं का? स्पर्धेसाठी गावाला गेल्यावर झोपायचं कुठे? काकूंनी एकेकाचं उत्तर दिलं, आणि "गावाला जाताना मी सोबत असते" हेही सांगितलं. त्या खरंच असायच्या. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून आम्ही झोपायचो आणि दाराशी काकूंची वळकटी असायची.

आमच्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे आणि आसूची वैष्णवी फाळके भारताच्या हॉकी संघाकडून खेळल्या. वैष्णवी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणाऱ्या संघात होती. अशी बातमी पेपरात आली की माझ्या मनात हमखास येतं, या पोरींच्या आजीशी कोण बोललं असेल?

३. नुसतं बसायलाही शिकावं लागतं. खो-खोत पळणारी एक आणि बसणाऱ्या आठ, एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून. बघणारे पळणारीला बघतात. सर बसणारीला बघायचे. टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, बोटं मातीला टेकलेली, मान सरळ आणि कान मागे. खो मिळायच्या आधी उठलीस तर फाउल, मिळाल्यावर क्षणभर रेंगाळलीस तर समोरची निसटली. मी खांबाजवळ बसायचे. कित्येक डावांत मला खो यायचाच नाही. तरी सामना संपल्यावर सर आधी माझ्याकडे यायचे आणि सांगायचे, दुसऱ्या मिनिटाला तुझी टाच टेकली होती. एवढं आपल्याकडे कुणी पाहतंय, हे त्या वयात फार मोठं वाटायचं. आजही वाटतं.

४. हरलेल्या दिवशी काही शिकवू नये. सर एसटी स्टँडवर सगळ्यांना उसाचा रस पाजायचे आणि गप्प राहायचे. चूक कुठे झाली ते तिसऱ्या दिवशी, मैदानावर, फक्की मारून झाल्यावर.

५. घरावर जीव असलेला माणूस घरी लवकर येतोच असं नाही, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. काकू हे आडपडदा न ठेवता सांगतात. "माझ्या पोरांना बाप रात्री आठनंतर मिळाला," असं त्या मला म्हणाल्या. त्यात तक्रार होती, आणि ती रास्त होती. पण त्यांनीच पुढे सांगितलं की आठनंतरचा वेळ पूर्ण पोरांचा असायचा, कारखान्याचं किंवा संघाचं नाव निघायचं नाही. एका वर्षी राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि त्यांच्या धाकटीला कावीळ झाली. सरांनी संघ दुसऱ्या सरांबरोबर पाठवला आणि स्वतः पोरीच्या उशाशी थांबले. आम्ही हिरमुसलो, काही पालक चिडले. मला आता वाटतं, त्या आठवड्यात सरांनी आम्हाला जे दाखवलं ते कुठल्याच शिबिरात दाखवता आलं नसतं. घर आणि मैदान यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी चुळबुळ केली नाही, कुणाला समजावत बसले नाहीत.

६. माणूस गेल्यावर त्याचं काम कुणाचं, हे आधी ठरलेलं असतं. आपल्याला ते उशिरा दिसतं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम फेरी होती. आम्ही जुन्या पोरी काकूंच्या घरी जमलो. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळलाच हरवलं. आम्ही ओरडत होतो आणि काकू बसणाऱ्यांच्या टाचा बघत होत्या. इतकी वर्षं डबा भरताभरता त्या खेळ शिकल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी सरांच्या नावाने फिरता चषक ठेवायचा विषय निघाला. काकूंनी नको म्हणून सांगितलं. चषक कपाटात जातो, त्यापेक्षा दरवर्षी काही पोरींचे बूट आणि दूध बघा, म्हणाल्या. आम्ही वर्गणी काढली. पहिली यादी काकूंनी केली, आणि तीत एक भालाफेक करणारी पोरगी आहे. मदत खो-खोच्याच पोरींना मिळावी असा आमच्यातल्या काहींचा आग्रह होता. काकूंनी तो ऐकला नाही.