सिकलसेल: राखेखालचा निखारा

गेल्या आवणीच्या दिवसांत डोळखांबकडच्या एका पाड्यावरून एक आई दहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळाचे दोन्ही पंजे वरून सुजलेले, बोटं फुगून ताठ झालेली. हाताला नुसतं बोट लावलं तरी ते किंचाळत होतं. पडलं नव्हतं, काही चावलंही नव्हतं. रक्त तपासलं, तर सिकलसेल निघाला. आईने विचारलं, "डॉक्टर, सहा महिन्यांचा होईस्तोवर पोर चांगला होता. मग हा आजार आला कुठून?"

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. आजार बाळाच्या जन्मापासूनच होता. मग सहा महिने तो गप्प का राहिला? याचं उत्तर नीट समजलं, की या आजारातली रोजची गोळी का चुकवायची नाही तेही समजतं.

दोन चुली

आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. श्वासातला प्राणवायू तेच अंगभर पोहोचवतं. पण माणूस जन्मभर एकाच जातीचं हिमोग्लोबिन बनवत नाही. पोटातल्या बाळासाठी एका जनुकावरून 'गर्भाचं हिमोग्लोबिन' बनतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जनुक शांत होतं आणि मोठ्यांच्या हिमोग्लोबिनचं जनुक जोराने काम करू लागतं. घरात दोन चुली असाव्यात, दुसरी पेटली की पहिलीवर राख ओढावी, तसंच हे.

सिकलसेलमध्ये बिघाड आहे तो दुसऱ्या चुलीत. तिथल्या जनुकात एका अक्षराची चूक असते. त्यामुळे बनणारं हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला की एकमेकांना चिकटतं, त्याच्या लांब दोऱ्या होतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग असह्य दुखतं. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही वाकडी पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून रक्त सतत कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात.

गर्भाचं हिमोग्लोबिन मात्र या दोऱ्यांत गुंफलं जात नाही, उलट दोरी वळू देत नाही. नवजात बाळांत विळ्याच्या पेशी कमी का दिसतात याचं हे कारण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये सुचवलं. डोळखांबच्या त्या बाळाला पहिले सहा महिने याच हिमोग्लोबिनने सांभाळलं होतं.

निरोप कसा पोहोचतो

पहिली चूल मोडलेली नसते. तिच्यावर राख असते, आत निखारा जन्मभर असतो. तो फुंकण्यासाठी आपण हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध देतो.

औषध थेट जनुकाला जाऊन हलवत नाही. पेशीत निरोप हातोहात जातो. या औषधापासून नायट्रिक ऑक्साईड तयार होतं. ते हाडाच्या मज्जेतल्या कच्च्या लाल पेशीत एका विकराला जागं करतं. ते विकर सीजीएमपी नावाचा छोटा निरोप्या बनवतं, निरोप्या पुढच्या प्रथिनांना उठवतो आणि शेवटी निरोप केंद्रकात, जनुकापाशी पोहोचतो. गर्भाच्या हिमोग्लोबिनचं जनुक पुन्हा वाचलं जाऊ लागतं. हे औषध आणखीही वाटांनी काम करतं, पण शास्त्रज्ञांना सापडलेली ही एक महत्त्वाची वाट आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्ण तयार झालेल्या लाल पेशीत केंद्रक उरतच नाही, म्हणजे तिला निरोप ऐकूच येत नाही. निरोप द्यायचा तो मज्जेत तयार होत असलेल्या पेशीला. मज्जेत पेशींची नवी खेप रोज बनते, म्हणून निरोपही रोज जायला हवा. आठवडाभर गोळी बंद झाली, तर त्या आठवड्याच्या पेशी निरोपाविनाच तयार होतात. आणि फायदा दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कारण निरोप मिळालेल्या पेशींचं प्रमाण हळूहळूच वाढतं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका. दुखणं थांबलं, आता कशाला, म्हणूनही सोडू नका. दुखणं थांबलं ते गोळी चालू आहे म्हणून.

1995 मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात या औषधाने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना कमी मात्रेत हे औषध दिलं, तेव्हाही झटके बरेच कमी झाले. 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकात कायमचा बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. त्यातही राख दूर सारून हाच निखारा फुलवतात. तो उपचार अजून आपल्या आवाक्याबाहेर आहे, गोळी आज आपल्या हातात आहे.

औषध घेताना

मात्रा वजनावर ठरते, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्तातल्या पेशी मोजून घ्या. पेशी फार कमी झाल्या तर डॉक्टर औषध थोडे दिवस थांबवतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोला. फॉलिक ॲसिड चालू ठेवा. लोहाची गोळी मात्र तपासणीशिवाय घेऊ नका, रक्त कमी असणं म्हणजे दरवेळी लोह कमी असणं नव्हे.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी तपासणीचं कार्ड आणि पुरेशी औषधं बरोबर न्यावीत आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात ते कार्ड दाखवावं.

अंगात पाणी कमी पडलं की पेशी लवकर वाकड्या होतात. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि चैत्र-वैशाखात इथलेच कितीतरी पाडे टँकरची वाट बघतात. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी हे औषधच आहे. पाड्यावर पाणी पोहोचवणं हे म्हणूनच आरोग्याचं काम आहे, असं मी मनापासून मानतो. आवणीला दिवसभर पावसात भिजणंही या रुग्णांनी टाळावं, थंडीनेही झटका येतो.

ताप, छातीत दुखणं, धाप, डाव्या बरगडीखाली पोट फुगून मूल पांढरं पडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.

लग्नाआधी एक तपासणी

आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यात कातकरी, वारली अशा समाजांत हे जनुक आढळतं. मलेरियाच्या रानात ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत होती, तो मलेरियातून जास्त तगला, म्हणून ते टिकलं. यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. एक प्रत असलेला वाहक निरोगीच असतो. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त सर्वसाधारण असेल, तर मूल आजारी होत नाही. म्हणून लग्न ठरवताना तपासणी करा. लग्न आधीच झालं असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच या.

सरकारच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 1 जुलै 2023 पासून 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला साधी सोल्युबिलिटी चाचणी पुरत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन भरपूर असतं. त्याच्यासाठी एचपीएलसी चाचणी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.

ते बाळ आता चालायला लागलं आहे. परवा त्याच्या आईने औषधाचा कागद पुढे केला. त्यावर तिने रोजच्या औषधाची एकेक रेघ कोळशाने ओढली होती. एकही दिवस चुकला नव्हता.