ज्वारीचे नैसर्गिक तणनियंत्रण : वाणाइतकीच परिस्थितीही महत्त्वाची

कोरडवाहू शेतीच्या खर्चात खुरपणीच्या मजुरीचा भार मोठा असतो. साहजिकच, पिकानेच तणांना आवर घालावा ही कल्पना शेतकऱ्याला आकर्षक वाटते. वनस्पतींमधील अशा रासायनिक प्रभावाला हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिले. ज्वारी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मुळांतील द्रव्य

ज्वारीच्या मुळांवरील सूक्ष्म केशमुळांतून ‘सॉरगोलिऑन’ हे तेलकट द्रव्य पाझरते. उगवत्या तणांच्या प्रकाशसंश्लेषणात ते अडथळा आणते; बारीक बियांच्या तणांवर त्याचा परिणाम विशेष दिसतो. मात्र त्याचे प्रमाण केवळ वाणावर ठरत नाही. प्रयोगशाळेतील निरीक्षणांनुसार सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला ते सर्वाधिक तयार होते. २५ अंशांखाली किंवा ३५ अंशांवर घटते. मुळे पाण्यात बुडून राहिल्यास केशमुळेच नीट वाढत नाहीत आणि द्रव्यही कमी मिळते.

याचा अर्थ महाराष्ट्राच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. खरिपात पाणी साचणारी काळी जमीन आणि सोलापूर भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओलीवर पेरून थंडीत वाढणारी रब्बी ज्वारी, या दोहोंत एकाच वाणाकडून सारख्या तणनियंत्रणाची अपेक्षा धरता येणार नाही.

दुसरी बाजू

ज्वारीची मुळे आणखी एक द्रव्य सोडतात. ‘स्ट्रिगोलॅक्टोन’ या गटातील ही द्रव्ये टारफुला या परोपजीवी तणाच्या सुप्त बियांना जागे करतात. जमिनीत स्फुरद व नत्राची उणीव असेल तर त्यांचा स्राव वाढतो. म्हणजेच ज्याला खत परवडत नाही, त्याच्याच शेतात हे तण अधिक बळावण्याचा धोका असतो. निसर्गाची देणगी येथे गरिबीच्या दुष्टचक्राला हातभार लावते.

धोरणाची दिशा

तण रोखणाऱ्या वाणांची शिफारस करताना त्यांची चाचणी वेगवेगळ्या जमिनी, पेरणीच्या तारखा आणि ओलाव्याच्या स्थितीत व्हावयास हवी. प्रयोगशाळेतील आकडे शेतात जसेच्या तसे उतरत नाहीत. तोवर माती परीक्षणानुसार खत, पाण्याचा निचरा, फेरपालट आणि वेळेवर कोळपणी यांना पर्याय नाही. पिकाच्या अंगच्या गुणाचा लाभ घ्यावयाचा, तर आधी जमिनीची उणीव भरून काढली पाहिजे.