हिरवळ कुणाची, ते आधी विचार

अगं, गोल्फ म्हटलं की आपल्याला आठवतो तो 2022 च्या ऑगस्टमधला बिबट्या. इथं बेळगावच्या गोल्फ मैदानात शिरला, आसपासच्या शाळा बंद पडल्या, शोधायला सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणले, आणि पठ्ठ्या शेवटपर्यंत हाती लागला नाही. गोल्फशी आपल्या घराचा संबंध तेवढाच. आणि तुम्ही दोघं दुबईत गोल्फ कोर्सला लागून सुट्टीचा फ्लॅट बघताय! हसत नाही गं. पैसा तुमच्या कष्टाचा, घ्या की. फक्त इसाराचे पैसे देण्याआधी माझं ऐकून घे.

तू इथल्या कॅम्पात वाढलीस. इथले जुने बंगले आठव. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही इस्टेट! पण ओल्ड ग्रँटचा कागद उघडला की कळतं, भिंती तेवढ्या त्यांच्या, जमीन सरकारची. विकायचं म्हटलं की परवानगी, खोली वाढवायची म्हटलं की कँटोन्मेंटकडं अर्ज. तिथलाही कागद तसाच उघडून बघ. दुबईत 2002 पासून परदेशी माणसाला ठरावीक भागांत फ्रीहोल्ड घर घेता येतं. फ्लॅट तुझ्या नावावर होईल, ते खरं. पण खिडकीतून दिसणारी हिरवळ बिल्डर कंपनीची. तिच्यापायी फ्लॅटचा भाव चढा लावलेला असतो, आणि खेळायची मेंबरशिप बहुतेक वेळा वेगळी. उद्या त्या हिरवळीवर इमारत उभी राहिली तर तुला बोलायला जागा आहे का, हे करारात शोध. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, तो तिसऱ्या भेटीपासून तुला ‘दीदी’ म्हणायला लागलाय.

आता हिशेब. समज फ्लॅट 12 लाख दिरहमचा. दिरहम 24 रुपये धरला तर 2 कोटी 88 लाख झाले. नोंदणीचे 4 टक्के, म्हणजे साडेअकरा लाख, वरून. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, त्याचे सव्वानऊ लाख दिरहमसुद्धा होत नाहीत. म्हणजे दोघांच्या नावावर घ्यायचं, नाहीतर दोन वर्षांत पैसे भागवायचे. शिवाय वर्षाला 10 लाखांच्या वर जे पाठवशील त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. कोटभर पाठवलेस तर 18 लाख तिथंच अडकले. करात वळते होतात, बुडत नाहीत, पण तोवर हातात नसतात. इथली बँक यासाठी कर्ज देणार नाही. आणि कुणी ‘रोखीत भागवू या’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

सर्व्हिस चार्जचं कुणी बोलतच नाही बघ. फुटाला वर्षाला 15 दिरहम धर, 800 फुटांचे 12 हजार दिरहम, जवळजवळ 2 लाख 88 हजार रुपये. तुम्ही जा न जा, दरवर्षी. एवढ्यात गोव्यात दरवर्षी मजेत राहून याल. (आमच्या सासूबाईंच्या लहानपणी गोवा हाच परदेश होता, 1961 पर्यंत!) भाडं आलं तर ते इथल्या आयकर विवरणपत्रात दाखवायचं. घर तर दाखवायचंच, शेड्यूल एफएमध्ये. विसरलीस तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड होऊ शकतो. आपल्या सीएंना आधी फोन कर, सही झाल्यावर नको.

तयार नसलेल्या इमारतीत पैसे घालणार असशील तर लवासा आठव. मुळशीच्या डोंगरात इटलीतल्या पोर्तोफिनोसारखं गाव, गोल्फचाही बेत होता. 2010 मध्ये पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, घर घेणारे कागद घेऊन फिरत राहिले. दुबईत 2007 पासून ग्राहकाचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवायचा कायदा आहे. खात्याचा नंबर माग, आणि पैसे बँकेतून त्याच खात्यात पाठव.

मृत्युपत्राचंही बघ. तिथं बिगरमुस्लिमांसाठी मृत्युपत्र नोंदवायची सोय आहे, ती आधी करून ठेव. पोरांना पुढं कोर्टाच्या पायऱ्या नकोत.

आणि बघायला जायचं तर मे महिन्यात जा. गोव्यातल्या मोप्याहून किंवा मुंबईहून विमान घ्या, त्याच वसाहतीत आठवडाभर भाड्यानं राहा. डिसेंबरात दुबई कुणालाही आवडते, पण तुमच्या पोरांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि मेमध्ये तिथं पारा चाळिशीच्या आसपास असतो. दुपारी बाल्कनीचं दार उघडून किती वेळ उभं राहवतं ते बघ. खाली रिसेप्शनवर विचार, किती फ्लॅट वर्षभर बंद असतात. तोवर त्या फ्लॅटच्या माहितीपुस्तिकेची शेवटची पानं, ती बारीक अक्षरांतली, मला व्हॉट्सॲपवर पाठव. चष्मा लावून वाचते.