सेलच्या कोपऱ्यातला लाल त्रिकोण

गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिण्याचं काम मी करते. एक्सेलमधल्या बेरजा आणि सूत्रं दहा वेळा तपासणारी माणसं मला रोज भेटतात. सेलला जोडलेली टिपणं तपासणारं मात्र क्वचितच कुणी. टिपण लिहिलं, कोपऱ्यात लाल त्रिकोण उमटला, संपलं. पण त्या पिवळ्या चौकटीत नाव कुणाचं येणार, अक्षर केवढं असणार, ती कागदावर छापली जाणार की नाही, हे तुम्ही लिहायला बसण्याआधीच ठरलेलं असतं. काही मायक्रोसॉफ्टने ठरवलेलं, काही संगणक बसवून देणाऱ्या मुलाने आणि काही तुमच्या आधीच्या खजिनदाराने. या सेटिंगांचा पत्ताही एक नाही. काही विंडोजमध्ये राहतात, काही एक्सेलमध्ये, काही थेट त्या फाईलमध्ये. कुठली कुठे राहते हे माहीत नसेल तर काय होतं, ते मी एका संस्थेच्या वार्षिक सभेत पाहिलं.

त्याआधी नावांचा घोळ निस्तरू. आपण ज्याला वर्षानुवर्षं कॉमेंट म्हणत आलो, त्या पिवळ्या चौकटीला मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आता नोट म्हणतात. कॉमेंट हे नाव संभाषणासारख्या नव्या प्रकाराला दिलंय: त्यात उत्तरं देता येतात, तारीख-वेळ आपोआप पडते, खूण जांभळी असते आणि अक्षराचा आकार किंवा रंग बदलता येत नाही. जुन्या एक्सेलमध्ये ही नवी कॉमेंट उघडली की आधी एक लांबलचक इंग्रजी सूचना वाचावी लागते आणि मग खाली आपलं वाक्य सापडतं. संस्थेच्या कार्यालयात बहुधा जुनीच आवृत्ती असते, म्हणून मी हिशेबाच्या फाईलमध्ये नोटच वापरते. शिफ्ट आणि एफ-२ दाबलं की ती उघडते. यापुढे टिपण म्हणेन ते या नोटबद्दल.

तर ती सभा. ३१ मार्चला वर्ष संपलं की सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि त्यासाठी हिशेबाच्या प्रती सभासदांना वाटतात. या संस्थेत दरवर्षी जुनीच फाईल नव्या नावाने सेव्ह करून पुढे चालवायची पद्धत होती. थकबाकीच्या शीटवर कमिटीने आपापसातली टिपणं केली होती: कोणाशी बोलायचं, कोणाला नोटीस, कोणाकडून आशा नाही. कार्यालयातल्या संगणकावर कुणीतरी, लाल त्रिकोण डोळ्यांना खुपतात म्हणून, ते दिसणंच बंद केलं होतं. त्यामुळे पडद्यावर शीट स्वच्छ. प्रिंट मात्र थकबाकीच्या यादीमागे एक जादा पान घेऊन आली, आणि गठ्ठ्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सभेत एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि त्यांनी ते पान वाचायला सुरुवात केली. सेलचा क्रमांक, त्यापुढे टिपण. स्वतःच्या फ्लॅटपाशी आल्यावर थांबून त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, “मिळण्याची शक्यता नाही, विषय सोडून द्यावा, असं लिहिलंय. मी गेलो असं समजलात का?” हशा झाला, पण पुढचा तासभर ताळेबंदावर कुणी बोललं नाही.

यात हॅकिंग नव्हतं की व्हायरस नव्हता, दोन सेटिंगांचा मेळ नव्हता इतकंच. त्रिकोण लपवणारं सेटिंग एक्सेलचं असतं: फाईल मेनूतल्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, डिस्प्ले या भागात. तिथे तीन पर्याय आहेत: काहीच दाखवू नका, फक्त खूण दाखवा आणि माऊस नेल्यावर टिपण उघडा, किंवा दोन्ही सतत उघडी ठेवा. हे त्या संगणकापुरतं, आणि त्यावर उघडणाऱ्या प्रत्येक फाईलला लागू. छपाईचं सेटिंग फाईलमध्ये, आणि तेही शीटगणिक वेगळं. पेज लेआउट टॅबवर प्रिंट टायटल्स दाबलं की जी खिडकी उघडते, तिच्या शीट या भागात कॉमेंट्ससमोर पर्याय असतो. मुळात तिथे काहीच छापू नका असं असतं. ‘जसं दिसतं तसं’ निवडलं तर पडद्यावर उघडी असलेलीच टिपणं छापतात. ‘शीटच्या शेवटी’ निवडलं तर झाडून सगळी, लपवलेलीही. जुन्या कुणा खजिनदाराने कधीतरी स्वतःच्या सोयीसाठी हा शेवटचा पर्याय निवडला असणार. सेव्ह अ‍ॅजबरोबर तो वर्षानुवर्षं फाईलमधून फाईलमध्ये जात राहिला.

म्हणून दुसऱ्याची फाईल हाती आली की मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबते. शीटवरची टिपणं असलेली सगळी सेलं एकदम निवडली जातात, त्रिकोण लपवलेले असले तरी. मग प्रत्येक शीटचं छपाईचं सेटिंग पाहते आणि प्रिंट देण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये शेवटच्या पानापर्यंत जाते. पहिलं पान पाहून प्रिंटचं बटण दाबणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता नावाचं. नवं टिपण उघडलं की पहिल्या ओळीत ठळक अक्षरात एक नाव येतं. अर्ध्या संस्थांमध्ये हे नाव ‘अ‍ॅडमिन’ असतं किंवा संगणक विकणाऱ्या दुकानाचं. पाच जणांची कमिटी, एकच संगणक, आणि प्रत्येक टिपण अ‍ॅडमिनने लिहिलेलं! तीन वर्षांनी लेखापरीक्षकाने विचारलं, की ही रक्कम माफ करा असं कोणी लिहिलं, तर सगळे एकमेकांकडे बघतात. हे नाव एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये जनरल या पहिल्याच पानावर युजर नेमसमोर लिहिलेलं असतं. तिथे बदललं की वर्डमध्येही बदलतं, कारण ते सगळ्या ऑफिसचं आहे. अकाउंटने लॉग-इन केलं असेल तर अकाउंटचं नाव वरचढ ठरू शकतं. त्यासाठी तिथेच खाली, लॉग-इन काही असो हेच नाव वापरा, अशी एक चौकट टिचकवता येते. मी व्यक्तीच्या नावाऐवजी पद आणि वर्ष लिहायला सांगते: ‘खजिनदार २०२४-२५’. माणसं बदलतात, पदाची जबाबदारी कागदावर राहते.

मात्र हा बदल पुढच्या टिपणांपुरता. आधीची टिपणं जुन्याच नावाने राहतात. चौकटीतली नावाची ओळ हाताने पुसता येते, कारण ती साधी अक्षरं आहेत. पण लिहिणाऱ्याचं नाव फाईलच्या पोटात वेगळंही नोंदलेलं असतं. एक्सेलची आजची फाईल म्हणजे एक झिपच आहे, उघडून बघितली तर टिपणांच्या कप्प्यात लेखकांची यादी सापडते. नाव पुसलं म्हणजे आपण अनामिक झालो, असं कुणी समजू नये.

सगळ्यात जास्त वैताग दिसण्याचा. नव्या टिपणाचं अक्षर सहसा ताहोमा, ९ पॉइंटचं असतं. इंग्रजीला ते पुरतं. ताहोमात देवनागरी नाहीच, म्हणून विंडोज स्वतःहून मंगल किंवा निर्मला यूआयमधून अक्षरं उसनी आणतं, आणि त्या आकारात रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात. साठीच्या पुढच्या खजिनदारांना तर भिंगच लागतं. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाईप करणाऱ्यांचे हाल वेगळेच. सेलला तो फॉन्ट लावलेला असतो, म्हणून तिथे मराठी नीट दिसतं. त्याच कळा टिपणात दाबल्या की ताहोमात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. अशी टिपणं असलेली फाईल आली तर मजकूर फेकू नका, त्याला मूळ फॉन्ट लावून वाचा, आणि नंतर युनिकोडमध्ये पुन्हा लिहा.

हे अक्षर कायमचं मोठं कुठे करायचं? एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये शोधू नका, तिथे ती सोयच नाही. नव्या वर्कबुकचा फॉन्ट बदलला, नॉर्मल स्टाइल बदलली, तरी टिपण ढिम्म. हे दिसणं विंडोजच्या टूलटिपवरून येतं. विंडोज ७ पर्यंत कंट्रोल पॅनलमध्ये खिडक्यांचे रंग बदलायच्या जागी टूलटिप निवडून अक्षर आणि पिवळा रंग दोन्ही बदलता येत. विंडोज ८ पासून ती खिडकीच गेली. रजिस्ट्रीत हात घालून काही जण आजही हे करतात. संस्थेच्या सामायिक संगणकावर तो उद्योग मी कुणाला करू देत नाही.

त्यापेक्षा सोपी युक्ती: एक टिपण मनासारखं सजवून ठेवा. चौकटीच्या आत नव्हे, तिच्या कडेवर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबा. कर्सर आत असेल तर खिडकीत फक्त फॉन्टचा भाग उघडतो, आणि रंग कुठे गेला म्हणून लोक शोधत बसतात. कडेवर क्लिक केलं की फॉन्ट, रंग, समास, आकार सगळं मिळतं. मी निर्मला यूआय, १२ पॉइंट लावते आणि अलाइनमेंटमध्ये ऑटोमॅटिक साइज चालू करते, म्हणजे मजकूर चौकटीबाहेर कापला जात नाही. मग त्या टिपणाचं सेल कॉपी करून, हव्या त्या सेलवर पेस्ट स्पेशलमधून फक्त कॉमेंट्स चिकटवायच्या आणि आतला मजकूर बदलायचा. सेलमधला आकडा जागचा हलत नाही, टिपणाचं रूप तेवढं येतं.

टिपणं रोजचीच असतील तर छोटा मॅक्रो बरा. तो पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये ठेवला की त्या संगणकावरच्या प्रत्येक फाईलला मिळतो, आणि संस्थेची फाईल मॅक्रोविना, साधीच राहते. इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी लिहिली की तिची प्रश्नचिन्हं होतात. त्यामुळे ‘खुलासा हवा’ असा ठरावीक मजकूर मॅक्रोत लिहू नका. तो पर्सनल वर्कबुकच्याच एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवा आणि मॅक्रोला तिथून उचलायला सांगा.

ओळी गाळल्या, फिल्टर लावला की टिपणाची चौकट कधी ताणली जाते, कधी चपटी होते. कंट्रोल आणि १ ने उघडणाऱ्या त्या खिडकीतल्या प्रॉपर्टीजमध्ये, सेलबरोबर हलो पण आकार बदलू नको, हा मधला पर्याय लावा.

खरं तर निम्मी टिपणं टिपणं असायलाच नकोत. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, याला १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाचा आधार आहे, असं एका संस्थेत प्रत्येक सेलवर टिपण होतं. हा नियम आहे, तो शीटच्या माथ्यावर उघड लिहावा, सभासदांनीही वाचावा. आकडा भरणाऱ्यासाठीची सूचना असेल तर डेटा व्हॅलिडेशनमधला इनपुट मेसेज वापरावा: सेल निवडलं की तो दिसतो, त्यावर कुणाचं नाव येत नाही, मर्यादा २५५ अक्षरांची. टिपणासाठी उरतो तो फक्त त्या एका आकड्याचा खुलासा.

फाईल बाहेर देताना इन्फोमधला डॉक्युमेंट इन्स्पेक्टर टिपणं शोधून एकदम काढून टाकतो. तो कायम प्रतीवर चालवा, मूळ फाईलवर नको. काढलेली टिपणं परत आणायची सोय तो देत नाही, आणि पुढच्या लेखापरीक्षणाला तीच लागतात. गुगल शीट्समध्येही नोट आणि कॉमेंट वेगळ्या आहेत, आणि तिथल्या नोटेवर लिहिणाऱ्याचं नाव येतच नाही, म्हणून तिथे टिपणाखाली पद आणि तारीख हाताने घालावी. लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्या संस्था अजून थोड्या आहेत, पण टिपणाच्या बाबतीत त्यांचं बरं चाललंय: नव्या आवृत्त्यांत टिपणासाठी वेगळी स्टाइल आहे. ती एकदा बदलून टेम्प्लेटमध्ये ठेवली की त्या टेम्प्लेटवरून काढलेल्या प्रत्येक फाईलचं नवं टिपण तसंच उघडतं, मॅक्रोविना.