गॅसचा कारागीर आणि त्याचे ओळखपत्र

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावातील अनेक घरांतील कर्ती मुले आज इंग्लंडात आहेत. पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती तेथील स्विंडन शहरात आहे व आमच्या शाळेचे काही माजी विद्यार्थीही तिच्यात आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांपैकी एक जण आम्हांस भेटावयास आला. त्याने सांगितलेली हकीकत ऐकून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आमच्या मनाने घेतले.

हा विद्यार्थी आणखी चौघांसह भाड्याच्या घरात राहत असे. त्या थंड देशात घर उबदार ठेवण्यासाठी व पाणी तापविण्यासाठी बहुतेक घरी गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो बिघडला, तेव्हा घरमालकाने कमी पैशांत काम करणारा एक ओळखीचा माणूस पाठविला. त्याने अर्ध्या तासात बॉयलर चालू करून दिला. पुढे आठवडाभर सर्वांची डोकी दुखू लागली, मळमळू लागले. कामावर गेले की बरे वाटे. घरी परतले की पुन्हा तेच. थंडी बाधली असे समजून ते खिडक्या अधिकच घट्ट लावून घेत. अखेर कारखान्यातील एका वयस्क सोबत्याने विचारले, "बॉयलर दुरुस्त करणाऱ्याचे कार्ड तुम्ही पाहिले होते काय?" कोणीच पाहिले नव्हते. मग बॉयलर बंद करून खिडक्या उघडल्या, डॉक्टर गाठला आणि नोंदणी असलेला कारागीर बोलाविला. जळालेला वायू घराबाहेर नेणारी नळी नीट बसविलेलीच नव्हती, असे त्याला आढळले. पाच जीव थोडक्यात वाचले.

येथे शत्रू कोण होता, हे समजून घेतले पाहिजे. गॅस जळताना पुरेशी हवा मिळाली नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते; परंतु प्राणवायूपेक्षा या विषाशी ते दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडले जाते. परिणामी श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूला मुकते. गळणाऱ्या गॅसचा वास यावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. या वायूच्या बाबतीत तशी सोय नाही. निळ्या ज्योतीऐवजी पिवळी ज्योत दिसणे, उपकरणाभोवती काजळी धरणे, घरातील सर्वांनाच एकदम डोकेदुखी होऊन बाहेर पडताच उतार पडणे, ही त्याची चिन्हे होत.

असा धोका असल्यामुळे कोणीही उठून गॅसचे काम करावे, हे ब्रिटनमध्ये कायद्याने चालत नाही. हा नियम अनुभवाने शिकविला. दिनांक १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली नव्या इमारतीत पहाटे एका बाईने चहासाठी शेगडी पेटविली आणि स्फोट झाला. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला व चौघे प्राणास मुकले. शेगडीच्या जोडातील पितळी नट सदोष होता, त्यातून गॅस गळला होता. बोटभर नटाने एवढा अनर्थ केला! त्यानंतर १९७० साली गॅसच्या कारागिरांची 'कॉर्गी' ही नोंदवही सुरू झाली. प्रथम ती ऐच्छिक होती. १९९१ पासून नोंदणी सक्तीची झाली. १ एप्रिल २००९ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे तिची जागा 'गॅस सेफ रजिस्टर'ने घेतली.

तेथे अशा कारागिराला 'गॅस इंजिनिअर' म्हणतात. परंतु त्या देशात इंजिनिअर हे नाव कोणीही लावू शकतो. म्हणून नावावर न जाता कार्ड पाहावे. नोंदणी असलेल्या प्रत्येक कारागिराजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र असते. त्यावरील चेहरा दारातील माणसाचाच आहे ना, मुदत संपली नाही ना, हे प्रथम पाहावे. मग त्यावरचा सात आकडी क्रमांक नोंदवहीच्या संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवरून ताडून घ्यावा. एवढ्यावर थांबू नये. कार्ड उलटून मागची बाजू वाचावी. तो कोणत्या कामास पात्र आहे, हे तेथे लिहिलेले असते. शेगडीचे काम जाणणारा बॉयलरच्या कामास पात्र असेलच असे नाही. नळाने येणारा गॅस आणि सिलिंडरमधील गॅस यांचीही पात्रता वेगवेगळी असते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्यांना ओळखण्याची जागा ती हीच.

भाडेकरूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरमालकाने आपल्या गॅस-उपकरणांची तपासणी दर बारा महिन्यांच्या आत नोंदणीकृत कारागिराकडून करून घेतली पाहिजे व तिच्या दाखल्याची प्रत भाडेकरूस दिली पाहिजे, असा तेथील कायदा आहे. हा दाखला मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. तो भाडेकरूचा हक्क होय.

हे सारे परदेशचे असले, तरी पाहून घेण्याची सवय घरीच लागते. आपल्या सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळील पट्टीवर एक अक्षर व वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही त्या सिलिंडरच्या पुढील चाचणीची मुदत. ती उलटलेला सिलिंडर घेऊ नये. आज घरी गेल्यावर आईबरोबर ती वाचून पाहा. गॅस गळत असल्यास १९०६ हा क्रमांक पाठ असू द्या; मात्र फोन घराबाहेर जाऊन करा आणि विजेचे बटण दाबू नका.

आम्ही त्या विद्यार्थ्यास विचारले, "कार्ड का पाहिले नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मोठ्या माणसाला कसे विचारायचे? त्याला राग आला असता." मित्रहो, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, हे आम्हीच तुम्हांस शिकविले आहे. पण खरा कारागीर कार्ड मागितल्याने रागावत नाही. ते दाखविण्यात त्याला अभिमानच वाटतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत. जेथे जिवाशी गाठ आहे तेथे नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारावे. परदेशी असलेल्या आपल्या दादाला, काकाला, आतेभावाला पुढच्या खेपेस फोन कराल, तेव्हा जेवणखाणाची चौकशी झाल्यावर एवढे अवश्य विचारा: "बॉयलर कोणी तपासला? त्याचे कार्ड पाहिले होते ना?"