पाचशेचा दंड महागात पडतो

समजा, विसर्जनाच्या मिरवणुकीत काळाचौकीच्या नाक्यावर बाचाबाची झाली, हातघाईवर आली आणि केस कोर्टात उभी राहिली. चौथ्या तारखेला कुणीतरी कानाशी लागतं, "कबूल करून टाक. पाचशे रुपये दंड होईल, विषय संपला." पोरगा पावती खिशात घालून घरी येतो. पण गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धीच. पावती हरवते, निकाल हरवत नाही.

मग प्रश्न येतो, हे किती वर्षं राहणार? इंग्लंडमध्ये सज्ञान माणसाला झालेला दंड वर्षभरानंतर बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात सांगावा लागत नाही. आपल्याकडे अशी सरसकट मुदत नाही. ज्याचा त्याचा कायदा आपापली वर्षं मोजतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल, तर पुढची 5 वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. निवडणुकीसाठी अपात्रता सुटकेनंतरही 6 वर्षं. अटकेत घेतलेले ठसे आणि फोटो 2022 च्या कायद्याप्रमाणे 75 वर्षं जपता येतात. आधीची शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला, की अपिलाचे मार्ग संपल्यावर ते सहसा नष्ट करायचे असतात. अल्पवयीन मुलाची नोंदही, काही अतिगंभीर गुन्हे सोडले, तर पुसायची असते.

एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा चॅप्टर (पोलिसांची प्रतिबंधक कारवाई) म्हणजे शिक्षा नव्हे. तरी फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा: 'शिक्षा झाली का' आणि 'गुन्हा दाखल झाला होता का' हे वेगळे प्रश्न आहेत. सरकारी नोकरीत जुन्या किरकोळ केसपेक्षा लपवाछपवीच जास्त नडते. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर मालक ते माफ करू शकतो. गंभीर प्रकरण लपवलं तर नोकरी जाऊ शकते.

आता खर्च. परदेशासाठी पासपोर्ट कार्यालयाकडून पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, घ्यायचं, तर फी 500 रुपये. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. केसची सद्यःस्थिती ई-कोर्ट्सवर फुकट दिसते. अपील करता येण्याजोगा निकाल असेल, तर आरोपीने अर्ज केल्यावर प्रमाणित प्रत विनामूल्य मिळायला हवी. ती त्याच आठवड्यात घ्या आणि लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा. पंधरा वर्षांनी तीच प्रत रेकॉर्ड रूममधून काढायची म्हणजे हेलपाटेच.

"रेकॉर्ड क्लिअर करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. शिक्षा रद्द होते ती वरच्या कोर्टात. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्समध्ये अपिलाला मुदत साधारण 30 दिवसांची.

खरी बचत मात्र कबुलीच्या आधीच होते. तडजोड होण्याजोगी केस असेल तर समोरच्याशी मिटवा. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच. ते जमलं नाही आणि दोषी ठरलात, तर वकिलाला 1958 च्या परिवीक्षा कायद्याचा अर्ज करायला सांगा. त्या कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर कलम 12 मुळे शिक्षेमागून येणारी अपात्रता लागत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. फोन कबुलीच्या आदल्या दिवशी करा, नंतर नव्हे.