हिशेबाला हिशेब, दुखण्याला भेट

पाळकीय सेवेतून निवृत्त झालो आणि त्यानंतर माझ्याकडे एकाच प्रकारची कामं आली. ज्या मंडळीत भांडण आहे, जिथे पाळक टिकत नाही, तिथे काही महिने जाऊन राहायचं. नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातल्या या मंडळ्या. काहींची दगडी चर्चेस मिशनच्या काळातली, काही अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेल्या. भांडणाचं कारण प्रत्येक ठिकाणी निराळं सांगतात, पण ते चिघळण्याची रीत मला सगळीकडे सारखीच दिसली. हिशेब विचारला की मंडळी प्रार्थना सुचवते, आणि मन दुखावलं की वकील गाठते. म्हणजे एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर.

एका मंडळीची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

तालुक्याच्या गावातली ही जुनी मंडळी. चर्चच्या आवाराची एक कड रस्त्याला लागून होती. पंचकमिटीनं तिथे गाळे बांधले, अनामत घेतली आणि नऊ वर्षांच्या कराराने भाड्याने दिले. अनामतीतून चर्चचं छप्पर दुरुस्त झालं. काम चांगलं झालं होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण वार्षिक सभेत खजिनदारांनी जमाखर्च वाचला त्यात अनामतीचा उल्लेखच आला नाही. बँकेत नोकरी करणारा, शब्बाथ शाळेत शिकवणारा एक तरुण उभा राहिला आणि त्यानं विचारलं, “अनामत कोणत्या खात्यात आहे?” खजिनदार म्हणाले, “आपण देवाच्या घरात बसलोय, बाळ. संशय घेऊ नये.” मग प्रार्थना होऊन सभा संपली.

पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेशासाठी गणनेच्या पुस्तकातला सोळावा अध्याय घेतला. मोशेविरुद्ध कोरह, दाथान आणि अबीराम उठले आणि धरणीनं त्यांना गिळलं, तो. नाव कुणाचं घेतलं नाही, तशी गरजही नव्हती. त्या तरुणाची आई मधूनच उठली आणि बाहेर गेली. चार ओळींच्या उत्तरानं मिटला असता असा प्रश्न तिथे एका घराचा अपमान झाला.

नंतरचं सगळं ठरल्यासारखं घडत गेलं. दोन गट, दोन सचिव, दोन व्हॉट्सॲप ग्रुप. नाताळात कॅरोल गाणाऱ्यांच्या दोन टोळ्या एकाच घराच्या दारात समोरासमोर आल्या. दोघांनी धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचे आपापले चेंज रिपोर्ट दाखल केले. दोघांची पत्रं गेल्यावर बँकेनं खात्याचा व्यवहार थांबवला, त्यात पाळकांचा पगार अडकला. एका वृद्ध सभासदाच्या दफनविधीला शास्त्रपाठ कोणी वाचायचा यावर कबरीशी वाद झाला. पाळकीणबाई महिला मंडळात जायच्या बंद झाल्या. शेवटी पाळकांची बदली झाली आणि मला तिथे धाडलं.

अशा ठिकाणी नव्यानं जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं, की काही काळ काहीही बदलू नका. घरोघर जा. येणाऱ्यांकडे जा तसंच यायचं बंद केलेल्यांकडे जा, आणि दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांआधी गप्प बसलेल्यांकडे जा. कुठल्याही भांडणात बहुतेक मंडळी कुठल्याच गटात नसते. तिला फक्त आपल्या मुलीचं लग्न त्या चर्चमध्ये व्हायला हवं असतं. जिथे जाल तिथे चहा घ्या, ऐकून घ्या, पण एका घरातलं दुसऱ्या घरात नेऊ नका. कुणी तिसऱ्याबद्दल सांगू लागलं की मी एवढंच विचारायचो, “हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?” बहुतेक वेळा उत्तर नाहीच असायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं दिलेला क्रम आपल्याला पाठ असतो: आधी एकट्यानं एकट्याला भेटा, मग एकदोन साक्षीदार न्या, मग मंडळीपुढे मांडा. आपण मात्र आधी ग्रुपवर टाकतो, मग मंडळीत ओरडतो, आणि एकट्याला भेटायचं राहूनच जातं.

ऐकून झाल्यावर वहीत तीन रकाने पाडा: कागदाचे प्रश्न, मनाचे प्रश्न, अधिकाराचे प्रश्न. या गावात अनामत कुठे गेली हा कागदाचा प्रश्न होता, उपदेशातला टोमणा मनाचा आणि पंचकमिटी खरी कोणाची हा अधिकाराचा. लोकांनी तिन्हींची एकच मोळी बांधली होती, म्हणून कुठलाच सुटत नव्हता.

सुरुवात कागदापासून करावी, कारण तिथे उत्तर सापडतं. बाहेरगावचा, कुणाच्याही नात्यात नसलेला सनदी लेखापाल बोलावला. त्याच्याबरोबर बसायला तीन सभासदांची समिती नेमली आणि तिच्यात त्या तरुणाला घेतलं. त्यावर खजिनदारांच्या बाजूच्या गटानं कल्लोळ केला. मी त्यांना प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडायला लावला. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना झापलं नाही. सात माणसं निवडली गेली, आणि त्या सातांची नावं वाचा: सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप आलं. आपल्या चर्चेसमध्ये प्रश्न विचारणाऱ्याला कमिटीबाहेर ठेवण्याची जी चाल आहे, तिच्या अगदी उलटं हे आहे.

हिशेब तपासला तेव्हा कळलं की पैसे कुणी खाल्ले नव्हते. गवंडी आणि पत्रेवाल्याला रोख दिले होते, पावत्या घेतल्याच नव्हत्या. थोड्या रकमेचा मेळ मात्र शेवटपर्यंत लागला नाही, आणि तो लागला नाही असंच अहवालात लिहिलं. अहवाल चर्चच्या फलकावर लावला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर निघाली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. नऊ वर्षांच्या करारासाठी कुणी अर्जच केला नव्हता. दोन्ही गटांच्या भांडणात याचा उल्लेख एकदाही आला नव्हता.

मनाच्या प्रश्नाला अहवाल चालत नाही. त्यासाठी भेट लागते, आणि ती चर्चमध्ये नको, कुणाच्याही गटात नसलेल्या घरात हवी. जुने पाळक नव्या गावाहून आले. त्या तरुणाची आई आणि ते समोरासमोर बसले. पाळक म्हणाले, “उपदेश देवाच्या वचनावरच होता.” बाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, वचन देवाचं होतं, नेम तुमचा होता.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पाळकांनी सांगितलं की सभेनंतर पंचकमिटीतल्या दोघांनी त्यांना घरी येऊन बजावलं होतं, ‘हा पोरगा आवरा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या पगाराचं बघू.’ ते भ्याले होते. बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी त्या दिवशी माफ केलं असं मी म्हणणार नाही. उठताना त्यांनी पाळकीणबाईंची चौकशी केली. मध्यस्थानं तेवढ्यावर थांबावं. हातात हात देऊन फोटो काढायची घाई करू नये.

फिलिप्पैकरांना लिहिताना पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींची नावं घेऊन त्यांना एकचित्त व्हायला सांगतो आणि लगेच तिसऱ्या एका सोबत्याला त्यांना मदत करायला विनवतो. भांडण कशाचं ते लिहीत नाही, कोण चूक तेही नाही. मध्यस्थीचं काम हेच आणि एवढंच.

अधिकाराचा प्रश्न नियमांनी सुटतो. घटना काढा, सभासद यादी काढा. निवडणुकीच्या तोंडावर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची नावं यादीत शिरतात, हा जुना खेळ आहे. म्हणून यादी निवडणुकीच्या बऱ्याच आधी फलकावर लावून हरकती मागवा. खजिनदार आणि सचिव ठरावीक मुदतीनंतर बदललेच पाहिजेत असा नियम करा. नवीन विश्वस्त आले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करा. कोर्टात जाणाऱ्या करिंथकरांना पौलानं खडसावलं होतं, हे खरं. पण कायद्याची बाजू मोकळी सोडली तर कोर्ट आपल्या दारात येतं. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात सामील झालेल्या गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल 2013 मध्ये आला. मंडळ्या एक झाल्या म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप एक होत नाही, कायद्यातली रीत पाळावी लागते, हे त्यातून घ्यायचं.

एक इशारा मात्र ठळक देतो. सगळ्याच गोष्टी समेटाच्या नसतात. लहान मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचाराची तक्रार आली तर ती घरात बसून मिटवायची नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ असं सांगत येणाऱ्या वडीलजनांना हे स्पष्ट सांगा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा क्रम बहीणभावांच्या रुसव्यासाठी आहे. गुन्ह्यावर पांघरूण घालायला तो वापरू नये.

पाळकांसाठी दोन शब्द. ज्यांनी पगार ठरवायचा त्यांनाच सत्य सांगायचं, हे तुमच्या नोकरीचं अवघड दुखणं आहे. म्हणून चेकवर सही आणि तिजोरीची किल्ली स्वतःकडे ठेवू नका. गावाबाहेरचा एक ज्येष्ठ पाळक जोडून ठेवा, ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल. भांडण चालू असताना व्यासपीठावरून त्याचं उत्तर देऊ नका, कारण खाली बसलेल्याला तिथे उलट बोलता येत नाही. ठरलेल्या क्रमानं शास्त्रपाठ घेत जा, म्हणजे निवडलेल्या उताऱ्यात कुणी नेम शोधणार नाही. आणि सुट्टी घ्या. पाळकीणबाई आणि मुलं या भांडणाची फुकटची शिक्षा भोगत असतात.

नवजीवनाबद्दल बोलताना लोक मला विचारतात, “उज्जीवन सभा ठेवू या का? बाहेरचा वक्ता बोलावू?” केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये जे उज्जीवन झालं त्याची आठवण ते काढतात. तिथे आधी मुली महिनोन्‌महिने प्रार्थनेला बसत होत्या, आणि ते आलं तेव्हा पापांची कबुली घेऊन आलं. आपण कबुली वगळून फक्त मांडव आणि लाउडस्पीकर घेतो. या गावात सभा झाली नाही. बंद पडलेली बुधवारची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, दोन्ही गटांतल्या बायकांनी मिळून आजाऱ्यांच्या भेटीची पाळी लावली आणि पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्चावर तासभर प्रश्न विचारले गेले, कुणीही उठून न जाता. माझ्या लेखी नवजीवन ते.

सगळे परत आले नाहीत. खजिनदारांचं कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेलं. पौल आणि बर्णबा यांचंही मार्कावरून इतकं बिनसलं की त्यांनी वाटा वेगळ्या केल्या. पुढे म्हातारपणी पौलानं त्याच मार्काला आपल्याकडे बोलावून घेतलं. तेव्हा जाणाऱ्याला शाप देऊन धाडू नका, त्याचं सभासदत्वाचं पत्र सन्मानानं द्या.

तुमच्या मंडळीत आज शांतता असेल तर हीच वेळ आहे. येत्या वार्षिक सभेआधी घटना, सभासद यादी आणि ताळेबंद हे तीन कागद बाहेर काढून फलकावर लावा, आणि सभेत पहिला प्रश्न विचारणाऱ्याचे आभार मानून त्याला उत्तर द्या. प्रार्थना त्यानंतर करा, ती जास्त मोकळ्या मनानं होते.